‘ही नुसती उपमा झाली!’

वादात कोंडीत सापडलेल्या माणसापाशी आपल्याकडे एक हुकमी वाक्य असतं. ‘अहो, ही नुसती उपमा झाली!’ एवढं म्हटलं की समोरच्याचा मुद्दा खोडायची जबाबदारी संपली. साम्य कशाचं दाखवलं होतं, ते इथे लागू पडतं की नाही, याची चौकशी करायचं कारण उरत नाही. उपमा होती ना? मग बाद.

पूर्वी हे वाक्य वाहिन्यांवरच्या कलकलाटापुरतं होतं. आता ते शिक्षणाच्या चर्चेत शिरलंय, आणि तिथे त्याला विद्वत्तेची शाल मिळाली आहे. विज्ञान शिकवताना दाखले देऊ नका, थेट संकल्पना शिकवा. वीज पाण्यासारखी वाहते असं एकदा सांगितलं की पोरं जन्मभर चुकीचं धरून बसतात. दाखले देत बसणारा मास्तर म्हणजे ज्याला स्वतःलाच विषय आलेला नाही असा मास्तर. हे म्हणणारे लोक उथळ असते तर सोडून दिलं असतं. पण ते बहुधा अभ्यासू असतात, चार पुस्तकं वाचलेले असतात, आणि आपण ज्ञानाची शुद्धता राखतोय असं त्यांना मनापासून वाटतं. चीड येते ती त्यामुळेच.

त्यांचं म्हणणं मीच नीट मांडतो, म्हणजे पुढे विपर्यासाची तक्रार नको. ज्ञान म्हणजे व्याख्या, समीकरण आणि पुरावा. शास्त्रज्ञ गणिताने आणि प्रयोगाने शोध लावतात. मग कोणी लेखक किंवा मास्तर त्यावर दृष्टान्ताची साखर पेरतो, ज्यांना मूळ पदार्थ पचत नाही त्यांच्यासाठी. ही साखर निरुपद्रवी नसते, ती चुकीच्या कल्पना रुजवते. शिवाय कुठलंही साम्य पूर्ण नसतं, कुठेतरी मोडतंच; आणि मोडणाऱ्या गोष्टीच्या आधाराने काढलेला निष्कर्ष हा युक्तिवादच नव्हे. पोरांना ठीक, कीर्तनाला बसलेल्या म्हाताऱ्यांना ठीक. प्रौढ बुद्धीने यातून बाहेर पडलं पाहिजे.

ऐकायला भारदस्त आहे. तपासायला घेतलं तर काय उरतं ते बघू.

आधी शोध, मग उपमा, या समजुतीवर सगळं उभं आहे. सादी कार्नो हा फ्रेंच लष्करातला अभियंता. १८२४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्याने वाफेच्या इंजिनावर एक छोटंसं पुस्तक छापलं. इंजिनं तेव्हा खाणींत, गिरण्यांत धडधडत होती. पण दिलेल्या उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम काढता येईल आणि ती मर्यादा कशाने पडते, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. कार्नोचे वडील लाझार यांनी यंत्रांच्या सिद्धान्तावर लिहिलेलं होतं, त्यामुळे पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या यंत्रांचा विचार त्याला परका नव्हता. त्याने उष्णतेकडे त्याच नजरेने पाहिलं. पाणी उंचावरून खाली पडतं, आणि किती काम मिळेल ते पाणी किती आणि उंची किती यावर ठरतं. उष्णताही तशीच गरम भागाकडून थंड भागाकडे ‘पडते’, आणि काम ठरतं ते दोन तापमानांमधल्या अंतरावर. इंजिनात वाफ भरा की हवा, कमाल मर्यादा बदलत नाही. उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाचं बीज ते हेच.

आता सांगा, इथे साखर कुणी पेरली, आणि कशावर? पदार्थ तर अजून शिजलाच नव्हता.

पुढची हकिकत आणखी बोलकी आहे. कार्नो उष्णतेला न दिसणारा एक द्रव मानत होता, आणि ते साफ चूक होतं. पाणचक्कीखालून निघणारं पाणी वरून आलं तेवढंच असतं. इंजिनातून बाहेर पडणारी उष्णता मात्र आत शिरली त्याहून कमी असते, कारण तिच्यातला काही भाग कामात खर्ची पडलेला असतो. म्हणजे साम्य मोडतं, आणि चांगलं ठसठशीत मोडतं. काम आणि उष्णता यांच्यावरच्या जूलच्या प्रयोगांनंतर ही विसंगती टोचू लागली. १८५०च्या सुमाराला क्लाउसियस आणि केल्विन तिला भिडले. त्यांनी कार्नोचं साम्य टाकून दिलं का? त्यांनी कुठला संबंध टिकतो आणि कुठला टिकत नाही हे वेगळं काढलं. टिकला त्यातून दुसरा नियम पक्का झाला; मोडला त्या जागी पहिला नियम, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा, बसला. ‘साम्य मोडतं’ हा ज्यांचा अंतिम आक्षेप आहे त्यांनी ही मोडतोड जरा निरखून पाहावी. एका मोडलेल्या साम्यातून भौतिकशास्त्राला एवढं मिळालं असेल, तर न मोडणाऱ्या व्याख्यांनी त्या काळात काय दिलं तेही सांगावं.

कार्नो हा अपवाद म्हणावा, तर शाळेत घोकलेला ओहमचा नियम घ्या. फूरियेने १८२२ मध्ये उष्णतेच्या वहनाचं गणित मांडलं होतं. गेओर्ग ओहमने १८२७च्या आपल्या पुस्तकात विजेची मांडणी केली ती त्याच धर्तीवर. ज्या समीकरणाचा दंडा करून उपमेला वर्गाबाहेर काढायचं, त्या समीकरणाचीच कुळकथा साम्याची आहे. मॅक्सवेलचं तर विचारूच नका. फॅरडेच्या बलरेषांना गणितात बसवायला त्याने १८५५-५६ मध्ये नळ्यांतून वाहणारा एक काल्पनिक द्रव घेतला, आणि असा द्रव खरोखर असतो असा आपला दावा नाही हे स्वच्छ बजावून घेतला. काही वर्षांनी त्याने फिरणारे भोवरे आणि त्यांच्यामधल्या गोळ्या अशी आणखी विचित्र यांत्रिक रचना कल्पिली. त्या रचनेत लहरी किती वेगाने जातील याचा हिशेब केला, तो प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ आला, आणि १८६२ मध्ये त्याने प्रकाश आणि विद्युतचुंबकत्व यांचं नातं छापून टाकलं. १८६५च्या निबंधात भोवरे नाहीत, गोळ्या नाहीत. ‘बघा, शेवटी टाकलंच ना?’ टाकलं. हिशेब हाती आल्यावर टाकलं. तुम्ही हिशेबाआधीच टाकायला सांगताय.

या मताला एक खराखुरा थोर पाठीराखा मिळालेला आहे, हे त्यांच्यातल्या बहुतेकांना माहीत नसावं, म्हणून मीच त्याचं नाव काढतो. पिएर ड्यूएम हा फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वचिंतक. १९०६च्या आपल्या ग्रंथात त्याने इंग्रज भौतिकशास्त्रज्ञांची यथेच्छ टर उडवली आहे. विजेचा सिद्धान्त समजून घ्यायला जावं, तर हे लोक दोऱ्या, कप्प्या आणि चाकं दाखवत बसतात, ही त्याची तक्रार. टीका धारदार आहे, वाचनीय आहे. पण त्याच ग्रंथात ड्यूएमने यांत्रिक प्रतिकृती आणि साम्य यांत फरक केला आहे. आणि दोन वेगळ्या क्षेत्रांमधलं साम्य हुडकणं ही सिद्धान्त रचण्याची सर्वांत खात्रीची, सर्वांत फलदायी वाट असल्याचं मोकळेपणाने मान्य केलं आहे. सेनापतीच पलीकडच्या तंबूत जाऊन बसला आहे. आता फौजेने काय करायचं?

दिशाभुलीचा आरोप आता. अणू म्हणजे छोटी सूर्यमाला, हे त्यांचं लाडकं उदाहरण. मधे केंद्रक, भोवती ग्रहांसारखे फिरणारे इलेक्ट्रॉन. हे चूक आहे आणि तरी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून जात नाही. अगदी खरं. पण ते चूक आहे हे कळलं कसं? रदरफोर्डने १९११ मध्ये केंद्रक असलेला अणू मांडला. शनीच्या कड्यांसारखा अणू जपानच्या नागाओकाने त्याआधीच, १९०४ मध्ये, सुचवला होता. ग्रहाशी साम्य गंभीरपणे घेतलं की लगेच एक अडचण उभी राहते. वर्तुळात फिरणारा प्रभार ऊर्जा बाहेर टाकणार, म्हणजे इलेक्ट्रॉन क्षणार्धात केंद्रकात कोसळायला हवा. तो कोसळत नाही. का नाही, या प्रश्नावर बोरने १९१३ मध्ये बोट ठेवलं आणि पुंजभौतिकीचं दार उघडलं. सूर्यमालेचं चित्र काढून तास संपवणाऱ्या शिक्षकाने मुलांची फसवणूक केली असेल, पण ती चित्र काढल्यामुळे झाली नाही, पुढचा प्रश्न न विचारल्यामुळे झाली.

दिशाभुलीचा हिशेबच मांडायचा तर दोन्ही बाजूंचा मांडू. ‘बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण.’ व्याख्या शुद्ध, समीकरण शुद्ध, उपमेचा वासही नाही. डेव्हिड हेस्टेनिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत बलाच्या संकल्पनेवर साध्या भाषेतली, आकडेमोड नसलेली एक चाचणी प्रसिद्ध केली. ती जिथे जिथे घेतली गेली, तिथे आढळलं ते हे, की गणितं बिनचूक सोडवणाऱ्या कितीतरी मुलांच्या डोक्यात न्यूटन नव्हताच. वर फेकलेल्या चेंडूवर वरच्या दिशेने बल चालूच असतं, असं ती खुशाल मानत होती. हार्वर्डचे एरिक माझूर यांना आपले विद्यार्थी तसले नसणार अशी खात्री होती. चाचणी घेतल्यावर त्यांनी आपली शिकवण्याची पद्धतच बदलली. मग ही दिशाभूल कुणी केली? व्याख्येने केली, म्हणून व्याख्येवर बंदी घालावी अशी मागणी मी अजून ऐकलेली नाही. मुलगा दृष्टान्त चुकीचा समजला तर दोष दृष्टान्ताचा. व्याख्या चुकीची समजला तर दोष मुलाचा. हा कुठला न्याय?

ज्या पाण्याच्या उपमेवर सगळ्यात जास्त राग आहे, तिच्यापाशी मला जरा थांबायचंय. विभवांतराची व्याख्या अशी: एकक धनप्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना करावं लागणारं कार्य. मुलाला ती तोंडपाठ आहे. आता त्याला विचारा, एका घटावर दिवा जळतोय, तसाच दुसरा घट एकसर जोडला तर काय होईल, आणि समांतर जोडला तर काय होईल? व्याख्येत उत्तर आहे, यात शंका नाही. पण ते तिथून उपसून काढायला मुलगा आधीच तज्ज्ञ असावा लागतो. पाण्याच्या टाक्या डोळ्यांपुढे आणल्या की तोच मुलगा बोलू लागतो. टाकीवर टाकी चढवली, उंची दुप्पट, धार जोरात: दिवा प्रखर. टाकीशेजारी टाकी ठेवली, उंची तेवढीच, पाणी मात्र जास्त वेळ पुरेल: दिवा तेवढाच, पण जास्त काळ जळेल.

हेच रोधांना लावायला गेलं की गाडी अडते. नळाच्या अरुंद भागांबद्दल मुलांची कल्पना पक्की नसते. दोन अडथळे म्हणजे दुप्पट अडथळा, मग ते कसेही जोडा, असं त्यांना वाटतं. तिथे गर्दी कामी येते. दादरच्या पुलावरून उतरणारा लोंढा घ्या. एका जिन्याशेजारी दुसरा जिना उघडला तर लोंढा लवकर उतरतो, जरी प्रत्येक जिना हा अडथळाच असला तरी. दोन रोध समांतर जोडले की एकूण रोध का कमी होतो, हे इथे लख्ख दिसतं. मात्र घट म्हणजे काय, हे गर्दीत नीट दिसत नाही. डेड्री गेंटनर आणि डोनल्ड गेंटनर यांनी १९८३ मध्ये नेमकं हेच तपासून प्रसिद्ध केलं: विजेचा विचार पाण्यासारखा करणारे घटांच्या प्रश्नांत पुढे होते, गर्दीसारखा करणारे समांतर रोधांच्या. उपमा ही निव्वळ वेष्टन असती तर वेष्टन बदलल्याने उत्तरं बदलली नसती. लोक त्या उपमेतूनच विचार करत होते.

आणि ती मोडते कुठे? नळ कापला तर पाणी भळाभळा वाहतं. तार कापली तर प्रवाह थांबतो. हा फरक लपवायचा कशाला? तोच तर पुढचा धडा आहे. मुलाने स्वतः विचारावं की सर, मग तुटलेल्या तारेतून वीज जमिनीवर का सांडत नाही? परिपथ पूर्ण असावा लागतो म्हणजे काय, हे त्या प्रश्नातून जितकं कळतं तितकं ‘परिपथ पूर्ण असावा लागतो’ हे वाक्य दहादा लिहून कळत नाही. उलटही होतं. बॅटरीच्या तारेत इलेक्ट्रॉन सेकंदाला मिलिमीटरभरही पुढे सरकत नाहीत, मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? नळ आधीच पाण्याने भरलेला असतो, म्हणून तोटी उघडताच पाणी येतं. टाकीतलं पाणी नळाशी पोचायची वाट पाहावी लागत नाही. जी उपमा चुकीच्या कल्पना रुजवते म्हणून बदनाम केली, तिने इथे एक हट्टी चुकीची कल्पना उपटून काढली.

आता ‘साम्य मोडतं, म्हणून तो युक्तिवाद नव्हे’ हे ब्रह्मास्त्र. आपल्या तर्कपरंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांच्या तोंडून ते ऐकलं की मला हसावं की रडावं कळत नाही. न्यायशास्त्रातल्या अनुमानाला पाच अवयव: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात. हा डोंगर तसाच. म्हणून डोंगरावर आग आहे. बरोब्बर मधोमध स्वयंपाकघर बसलंय. उदाहरण तिथे शोभेला ठेवलेलं नाही. ते काढलं तर अनुमान लुळं पडतं. त्याच्यामागून उपनय येतो, म्हणजे उदाहरणातला संबंध या प्रस्तुत गोष्टीला लावून दाखवण्याची पायरी.

आणि गौतमाच्या न्यायसूत्रांच्या पाचव्या अध्यायात काय आहे? ‘जाति’ नावाच्या चोवीस पोकळ प्रत्युत्तरांची यादी. तिच्यात वैधर्म्यसमा आहे: समोरच्याने साम्य दाखवलं की कुठलासा फरक पुढे करून ते उडवायचं. उत्कर्षसमा आहे: शब्द घड्यासारखा अनित्य आहे म्हणता, तर मग घड्यासारखं त्याला रूपही असायला पाहिजे! ‘वीज पाण्यासारखी, तर मग ती ओली का नाही?’ हे आजचं उत्कर्षसमा. दोन हजार वर्षांच्या आसपास जुन्या शास्त्राने ज्या डावाला नाव देऊन, नंबर देऊन, पराभवाच्या खात्यात टाकून ठेवलंय, तो डाव आज बुद्धिप्रामाण्य म्हणून खेळला जातो. फरक दाखवणं म्हणजे खंडन नव्हे. प्रस्तुत मुद्द्याला धक्का लावणारा फरक दाखवणं म्हणजे खंडन.

प्रौढ बुद्धीला याची गरज नसते म्हणणाऱ्यांनी एकदा न्यायालयात जाऊन बसावं. स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात १९२८ साली एका बाईने जिंजर बिअर प्यायली. बाटली गडद काचेची होती, आणि तिच्यातून कुजलेली गोगलगाय निघाली असा तिचा दावा. बाटली विकत घेतली होती मैत्रिणीने. या बाईचा उत्पादकाशी कुठलाच करार नव्हता. तरीही उत्पादकाने अंतिम ग्राहकाची काळजी घेणं हे कर्तव्य आहे, असं हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३२ मध्ये ठरवलं. काही वर्षांतच ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरचं प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे आलं. त्याला लोकरीच्या अंतर्वस्त्रांत राहिलेल्या रसायनामुळे भयंकर त्वचारोग झाला होता. गोगलगायीचा निकाल चड्डीला कसा लागणार? पेय पोटात जातं, कपडा अंगावर राहतो. बाटली सीलबंद होती, कपडे कागदाच्या पाकिटात होते. बचावपक्षाने असलेच फरक मांडले. न्यायाधीशांनी ते अप्रस्तुत ठरवले: दोष ग्राहकाला दिसण्याजोगा नव्हता, आणि वस्तू उत्पादकाकडून निघाली तशीच त्याच्यापर्यंत पोचली, एवढं साम्य पुरेसं आहे. ग्राहकाच्या हक्कांची पुढची इमारत या गोगलगायीवर आणि या चड्डीवर उभी राहिली. तिथे कुणी उठून ‘ही नुसती उपमा झाली’ म्हणालं असतं तर न्यायाधीशांनी शांतपणे विचारलं असतं, पुढे बोला, फरक कुठला आणि तो का महत्त्वाचा?

कीर्तनाच्या म्हाताऱ्यांबद्दलही बोलू, कारण त्या शेऱ्यात अज्ञान आणि उद्धटपणा सारख्याच मापात आहेत. गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या लिहिताना ज्ञानेश्वरांनी दृष्टान्तांचा पाऊस पाडला, तो अडाण्यांच्या सोयीसाठी, असं हे लोक धरून चालतात. मग ‘अमृतानुभव’चं काय? ते कुठल्याच ग्रंथावरचं भाष्य नाही, समजायला भल्याभल्यांना कठीण. त्याचं सातवं प्रकरण अज्ञानखंडनाचं, म्हणजे सरळसरळ प्रतिपक्षाशी वाद. आणि ते दृष्टान्तांनी खचाखच भरलेलं आहे. तिथे दृष्टान्त समजूत घालायला आलेले नाहीत, प्रतिपक्षाला घेरायला आले आहेत. ज्ञानेश्वरांच्याच शतकात महानुभावांकडे चक्रधरांचे दृष्टान्त केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त गोळा केले, एकशे चौदा. त्यांची रचना बघा: आधी सूत्र, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक, म्हणजे दृष्टान्तातली कुठली गोष्ट सूत्रातल्या कुठल्या गोष्टीशी जुळते याचा खुलासा. गोष्ट सांगून मोकळं व्हायचं नाही, हे ज्या परंपरेने शिस्त म्हणून बसवलं, तिला भाबडी कोण म्हणतो? शाल पांघरलेली मंडळी.

एक गोष्ट मान्य. दृष्टान्त नुसता कानावर पडून फारसं काही होत नाही. मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोटातल्या गाठीवर किरण सोडायचे आहेत. गाठ मारण्याइतके तीव्र सोडले तर वाटेतलं निरोगी मांसही जळणार. काय कराल? दहांतल्या एखाद्यालाच उत्तर सुचलं. मग आणखी काही जणांना आधी वेगळीच एक गोष्ट वाचायला दिली: किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर सुरुंग आहेत, म्हणून सेनापती सैन्य छोट्या तुकड्यांत वाटतो आणि सगळ्या दिशांनी एकाच वेळी किल्ल्यावर धाडतो. गोष्ट वाचूनही आपण होऊन उत्तर सापडलेले सुमारे तीस टक्केच. ‘ती गोष्ट वापरून बघा’ एवढा इशारा मिळाल्यावर मात्र तीनचतुर्थांशांच्या आसपास लोकांना ते जमलं: मंद किरण अनेक दिशांनी सोडा, ते गाठीवर एकत्र येऊ द्या. यावरून विरोधक म्हणतील, बघा, गोष्टीने आपोआप काम केलं नाही. नाहीच केलं. जुळवून दाखवण्याची पायरी गाळली होती. नैयायिकांचा उपनय, केसोबासांचा दार्ष्टान्तिक. ती पायरी गाळणारा शिक्षक आळशी असतो, आणि त्याच्या आळसाची शिक्षा दृष्टान्ताला देणारा त्याहून.

वाईट उपमा नसतात असं मी म्हणत नाही. सरकारचं अंदाजपत्रक घरखर्चासारखं असतं, ऋण काढून सण करू नये, हे दर फेब्रुवारीत ऐकू येतं. पण ही उपमा पाडायची कशी? ती उपमा आहे असं ओरडून पडत नाही. घराला कर लावता येत नाही, घराचं स्वतःचं चलन नसतं, घराने खर्च आवरला म्हणून बाजारातल्या सगळ्यांचं उत्पन्न घसरत नाही. हे संबंध मोजून दाखवले की पडते. आणि असं मोजायला बसलं की आणखी एक गोष्ट हाती लागते: नोटा छापण्याची सोय महाराष्ट्र शासनापाशीही नाही, आणि कर्ज काढताना त्यालाही दिल्लीकडे बघावं लागतं. म्हणजे केंद्राला न शोभणारी ही उपमा राज्याला बरीच जास्त शोभते. केंद्र आणि राज्य यांच्या तिजोऱ्यांतला हा फरक एका ‘वाईट’ उपमेने दाखवून दिला. ‘उपमा चालणार नाही’ म्हणून ज्यांनी चर्चा तिथेच मिटवली, ते इथवर आलेच नसते.

म्हणून शुद्धतेच्या रखवालदारांना माझं आव्हान आहे, आणि ते वर्गातलं आहे. शाळेच्या विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत ‘विभवांतराची व्याख्या लिहा’ हा प्रश्न काढून टाका आणि पाच गुणांना हा घाला: ‘विजेचा प्रवाह नळातल्या पाण्यासारखा असतो. हे साम्य कुठपर्यंत चालतं, कुठे मोडतं, आणि मोडतं तिथे विजेबद्दल नवं काय कळतं?’ व्याख्या पाठ केलेल्याला तो येणार नाही. उपमा पाठ केलेल्यालाही येणार नाही. ज्याला वीज कळली आहे त्याला येईल. तुमच्या मते हा प्रश्न पोरकट असेल, तर आधी स्वतः उत्तर लिहा. पुरवणी लागली तर मागून घ्या.